प्रकल्प नोंदी: वाय-फायच्या सिग्नलमधून चालता माणूस शोधणे

८ जानेवारी

काम नेमकं काय, ते आधी लिहून ठेवतो. राउटर एरवीही हवेत सोडतोच तो वाय-फायचा सिग्नल घ्यायचा, आणि मोकळ्या जागेत चालणाऱ्या माणसावर आपटून परत आलेला त्याचा क्षीण भाग त्यातून वेगळा काढायचा. समोर कोणी हलतंय का, किती वेगाने, आणि जमेल तितकं अंतर, एवढं सांगता आलं पाहिजे. रडारसाठी वेगळा ट्रान्समीटर लावायचा नाही. चालणाऱ्या माणसाच्या अंगावर फोन किंवा टॅग काहीही नसेल.

या विषयाकडे आता सगळ्यांचं लक्ष आहे. आयटीयूने (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संघटना) २०२३ मध्ये पुढच्या पिढीच्या मोबाइल जाळ्यांची जी चौकट मांडली, तिच्यात सहा प्रमुख उपयोगांपैकी एक म्हणजे संदेशवहन आणि संवेदन एकत्र करणं. वाय-फायच्या बाजूने ८०२.११बीएफचा, म्हणजे वाय-फायने संवेदन करण्याच्या मानकाचा, कार्यगट २०२० मध्ये बसला आणि २०२५ मध्ये ते मानक मंजूर झालं. पण मानक सांगतं ते उपकरणांनी मोजमापं कधी घ्यायची आणि एकमेकांना कशी कळवायची, इतकंच. त्या मोजमापांतून माणूस कसा शोधायचा हे ज्याने त्याने बघायचं. आमचं काम तिथून सुरू होतं.

हार्डवेअर ठरलं. एडी९३६१ चिप असलेला एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ) बोर्ड: ७० मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ, सिग्नलचे आकडे करणारा १२ बिटचा एडीसी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन रिसीव्हर एकाच लोकल ऑसिलेटरवर, म्हणजे वारंवारतेच्या एकाच घड्याळावर. एक चॅनल रेफरन्ससाठी, म्हणजे राउटरचा मूळ सिग्नल तुलनेला घेण्यासाठी, त्याचा अँटेना थेट राउटरकडे. दुसरं टेहळणीचं, त्याचा अँटेना मोकळ्या जागेकडे. वाय-फायचं ३६ क्रमांकाचं चॅनल घेतलं, म्हणजे मध्य वारंवारता ५१८० मेगाहर्ट्झ, तरंगलांबी ५.८ सेंटिमीटर, रुंदी २० मेगाहर्ट्झ. दोन्ही रिसीव्हर एकदम चालवले की आमच्या बोर्डाला याहून फार रुंद जाता येत नाही.

साठवणुकीचा हिशोब आत्ताच करून ठेवला. सेकंदाला २ कोटी नमुने, एका नमुन्याला ४ बाइट, दोन चॅनल: १६० मेगाबाइट दर सेकंदाला. दहा सेकंदांची नोंद १.६ जीबी. डिस्क कमी वेगाची असली तर नमुने गळतात, आणि मध्येच गळालेला नमुना डॉप्लरच्या (हालचालीमुळे सिग्नलच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकाच्या) गणितात सगळीकडे घाण करतो. त्यामुळे रेकॉर्डिंग थेट मेमरीत करायचं आणि नंतर डिस्कवर उतरवायचं.

१२ जानेवारी

अंतर किती बारकाईने कळेल हे सिग्नलची रुंदी ठरवते. ८०२.११ए या जुन्या वाय-फाय पद्धतीच्या पॅकेटमध्ये ६४ पैकी ५२ सबकॅरिअर (रुंदीत शेजारी शेजारी बसवलेल्या बारीक वाहक लहरी) वापरात असतात आणि दोन सबकॅरिअरमधलं अंतर ३१२.५ किलोहर्ट्झ. म्हणजे उपयोगी रुंदी १६.२५ मेगाहर्ट्झ. प्रकाशाच्या वेगाला तिने भागलं की १८.५ मीटर. राउटर ते माणूस आणि माणूस ते रिसीव्हर या एकूण वाटेतला एवढा फरक वेगळा दिसेल, त्याखालचा नाही. साध्या रडारच्या भाषेत ९ मीटरांच्या आसपास.

वेगाचं गणित याच्या अगदी उलट आहे. डॉप्लरची बारकाई रुंदीवर अवलंबून नसून आपण किती वेळ ऐकतो त्यावर असते. एक सेकंद ऐकलं तर १ हर्ट्झ, म्हणजे या तरंगलांबीला साधारण ३ सेंटिमीटर प्रतिसेकंद. दोन माणसं एकमेकांच्या शेजारून चालत असतील तर अंतराच्या हिशोबात ती एकच ठिपका. पण एक जरासा भरभर चालत असेल तर डॉप्लरमध्ये ती सरळ वेगळी होतात. प्रकल्प बघणाऱ्या मॅडमना हे दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग अंतराच्या मागे लागूच नका. डॉप्लर हाच मुख्य अक्ष धरा आणि अंतराला मदतीला ठेवा." आराखडा त्याप्रमाणे बदलला.

१७ जानेवारी

दोन चॅनलची जुळणी तपासली. सिग्नल जनरेटरचं आउटपुट स्प्लिटरने विभागून दोन्ही इनपुटना सारख्याच लांबीच्या केबलने दिलं आणि फेजमधला फरक, म्हणजे दोन लहरी एकमेकींच्या किती पुढेमागे आहेत ते, बघत बसलो. बोर्ड तापेपर्यंत फरक हळूहळू सरकतो, नंतर स्थिर राहतो. बोर्ड बंद करून पुन्हा सुरू केला की नवीनच आकडा येतो, पण चालू असताना तो टिकतो. आम्हाला तेवढं पुरे.

केबलची गोष्ट मात्र लिहून ठेवण्यासारखी आहे. टेहळणीच्या अँटेनाची केबल नुसती हाताने उचलून जरा वाकवली, तर स्क्रीनवर फेजची रेघ डोळ्यादेखत सरकली. वेव्हलेंग्थ ५.८ सेंटिमीटर असताना मिलिमीटरभर फरकही सहा अंशांच्या वर जातो. म्हणजे वाऱ्याने हलणारी केबल हीच एक हलती वस्तू होऊन बसेल. दोन्ही केबली ट्रायपॉडच्या पायांना पट्ट्यांनी आवळल्या आणि एसएमए कनेक्टर पान्याने एकसारखे घट्ट केले.

२३ जानेवारी

आज राउटर कुठे आणि रिसीव्हर कुठे, एवढंच. दिवस त्यात गेला, पण जाणं गरजेचं होतं.

राउटरचा सिग्नल रिसीव्हरपर्यंत दोन वाटांनी येतो. एक थेट, दुसरी माणसावरून. दोन्हींच्या शक्तीचं गुणोत्तर काढायला राउटरची पॉवरही लागत नाही: माणसाचं रडार क्षेत्रफळ (रडारला तो केवढा दिसतो ते) गुणिले थेट वाटेचा वर्ग, भागिले ४π आणि उरलेल्या दोन वाटांच्या वर्गांचा गुणाकार. माणूस १ चौरस मीटर धरला, राउटर आणि रिसीव्हरमध्ये १५ मीटर, आणि माणूस दोघांपासून २० मीटरवर, तर त्याचा प्रतिध्वनी थेट सिग्नलच्या साधारण ४० डीबी खाली. दहा हजारांत एक भाग. माणूस १०० मीटरवर गेला तर हाच आकडा ६७ डीबीच्या खाली जातो.

राउटर रिसीव्हरच्या जवळ आणला तर? दोघांत २ मीटर ठेवले, माणूस तिथेच २० मीटरवर, तर प्रतिध्वनी ५७ डीबी खाली. थेट सिग्नल इतका वाढतो की जवळ आणणं तोट्याचं ठरतं. म्हणून १५ मीटर.

त्याची किंमत अशी की चाचणीसाठी बनवलेला ॲल्युमिनिअमचा त्रिकोणी कोपरा-परावर्तक या मांडणीत निकामी होतो. ३० सेंटिमीटर कडेचा हा परावर्तक या वारंवारतेला तब्बल १० चौरस मीटर दिसतो, माणसाच्या दहापट. पण तो सिग्नल आला त्याच दिशेने परत पाठवतो, म्हणजे राउटरकडे. आमचा रिसीव्हर तिथे नाही. चाचणीला माणूसच लागणार.

आणखी एक हिशोब, कारण गटात सगळ्यांना प्रतिध्वनी नॉइजमध्ये बुडेल अशी भीती होती. राउटरची पॉवर २० डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेत डीबी) धरली तर १५ मीटरवर थेट सिग्नल उणे ५० डीबीएम, प्रतिध्वनी उणे ९० च्या आसपास, आणि रिसीव्हरचा नॉइज फिगर (त्याने स्वतः घातलेली नॉइजची भर) ८ डीबी धरून नॉइजची पातळी उणे ९४. म्हणजे सेकंदभर बेरीज करण्याच्या आधीच प्रतिध्वनी नॉइजच्या वर आहे. अडचण नॉइजची नाहीच. अडचण राउटरच्या स्वतःच्या थेट सिग्नलची आहे, आणि पुढचं जवळजवळ सगळं काम त्याच्याशीच आहे.

२९ जानेवारी

पहिली मैदानी नोंद. राउटर चालू, पण त्याच्यावर कुणी जोडलेलं नाही. अशा राउटरकडून येतात ते फक्त बीकन, म्हणजे 'मी इथे आहे' सांगणारे छोटे संदेश, दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक. म्हणजे सेकंदाला जेमतेम दहा नमुने, आणि त्यातून संदिग्धता न येता दिसणारा डॉप्लर अधिक-उणे ५ हर्ट्झ. मीटरभर वेगाने चालणारा माणूस ३४ हर्ट्झपर्यंत जातो. बीकनच्या जोरावर माणसाचा वेग सांगता येणार नाही, फार तर काहीतरी हललं एवढंच.

तेव्हा राउटरला काम द्यायचं. लॅपटॉप जोडला आणि दर मिलिसेकंदाला एक छोटं पॅकेट पाठवणारा प्रोग्राम लावला. मोठी पॅकेट मुद्दाम टाळली: सगळ्यात कमी वेगाला दीड हजार बाइटचं पॅकेट हवेत दोन मिलिसेकंद खातं, मग सेकंदाला हजार पॅकेट बसणारच कशी?

४ फेब्रुवारी

राउटरची हुशारी एकेक करून बंद केली. आधुनिक राउटर दोन-चार अँटेनांवरून वेगवेगळे प्रवाह सोडतो, ग्राहकाच्या दिशेने बीम वळवतो, पॉवर आणि मॉड्युलेशन (लहरीवर बिट चढवण्याची पद्धत) परिस्थितीप्रमाणे बदलतो. डेटासाठी हे सगळं उत्तम. पण आम्हाला एका पॅकेटपासून दुसऱ्या पॅकेटपर्यंत फक्त एकच गोष्ट बदललेली हवी: माणसाची जागा. बीम जरा फिरला की थेट सिग्नल आणि स्थिर भिंतींचे प्रतिध्वनी यांचं प्रमाण बदलतं, आणि गणिताला ते हालचालीसारखंच दिसतं. एक अँटेना, एक प्रवाह, जुनी ८०२.११ए पद्धत, ६ मेगाबिटचा ठरलेला दर.

प्रत्यक्ष वापरात कोणी राउटर असा बांधून ठेवणार नाही, हे मान्य. पण पहिल्या टप्प्यात एका वेळी एकच प्रश्न सोडवायचा.

११ फेब्रुवारी

हा भाग सविस्तर लिहितो, कारण नवीन येणारा प्रत्येक जण इथे अडतो.

रडारवाला स्वतःचा पल्स सोडतो आणि त्याचा आकार त्याला पाठ असतो. इथे राउटर काय सोडतोय ते डेटावर अवलंबून, दर ४ मायक्रोसेकंदांनी नवीन चिन्ह. प्रतिध्वनीतून डेटा पुसला नाही तर जे उरतं त्याला काही अर्थ नाही. ओएफडीएममध्ये, म्हणजे वाय-फायच्या या अनेक सबकॅरिअरच्या पद्धतीत, हे पुसणं सुंदर जमतं. मिळालेल्या प्रत्येक सबकॅरिअरच्या मूल्याला पाठवलेल्या मूल्याने भागायचं. डेटा जातो आणि फक्त वाटेचा परिणाम उरतो. मग सबकॅरिअरच्या दिशेने उलटं फूरिये रूपांतर केलं की अंतर, आणि पॅकेटांच्या दिशेने सरळ रूपांतर केलं की डॉप्लर. सायक्लिक प्रिफिक्स (प्रत्येक चिन्हाच्या आधी जोडलेली त्याच्याच शेवटाची नक्कल) ०.८ मायक्रोसेकंदांचा असल्याने २४० मीटरपर्यंतच्या जादा वाटेला हे गणित नीट चालतं. आमच्या मैदानाला ते भरपूर झालं.

भागण्यात एक खोच आहे. ६४-क्वाममध्ये, म्हणजे ६४ वेगवेगळी चिन्हं वापरणाऱ्या मॉड्युलेशनमध्ये, काही चिन्हं केंद्राच्या अगदी जवळ असतात, म्हणजे लहान संख्या. लहान संख्येने भागलं की त्या जागचा नॉइज फुगतो. सगळ्या चिन्हांची सरासरी काढून पाहिली: ६४-क्वामला ४.३ डीबीचा फटका, १६-क्वामला २.८ डीबीचा. याला पर्याय म्हणजे भागण्याऐवजी संयुग्मीने (त्याच संख्येची फेज उलटी करून) गुणणं, पण मग चिन्हांची कमी-जास्त उंची उत्तरात शिल्लक राहते आणि थेट सिग्नलचे शिंतोडे सगळ्या नकाशावर उडतात. ६ मेगाबिटच्या दराला मॉड्युलेशन बीपीएसके, म्हणजे दोनच चिन्हांचं, असतं. सगळी चिन्हं एकाच उंचीची. भागा नाहीतर गुणा, उत्तर तेच. तो दर बांधून ठेवण्यामागे हेही एक कारण होतं.

आता, पाठवलेलं मूल्य मिळवायचं कुठून? रेफरन्स अँटेनातून. पण त्यातही भिंतींचे प्रतिध्वनी आणि थोडासा माणूसही मिसळलेला असतोच. म्हणून रेफरन्सचा सिग्नल जसाच्या तसा वापरत नाही. तो आधी पूर्ण डिकोड करतो, त्यातले बिट मिळाले की ते पुन्हा एन्कोड करून पहिल्यापासून स्वच्छ सिग्नल बांधतो. अर्ध्या दराचा कन्व्होल्यूशनल (चुका दुरुस्त करणारा) कोड आणि राउटरकडे तोंड केलेला अँटेना असल्याने पॅकेट चुकत नाही म्हटलं तरी चालेल. रेफरन्सच्या मूळ नमुन्यांचं काम संपत नाही, कारण ऑसिलेटरचं सरकणं त्यांच्यातच असतं. मानकात राउटरला उणे-अधिक २० पीपीएमची (दहा लाखांत २० भागांची) सूट आहे, म्हणजे या वारंवारतेला १०४ किलोहर्ट्झपर्यंत. आम्ही शोधतोय ३०-४० हर्ट्झ. तो सगळा घोळ दोन्ही चॅनलमध्ये सारखाच येतो आणि वजाबाकीत जातो. साध्या वाय-फाय कार्डवरून चॅनलचं मोजमाप घेणाऱ्यांना ही सोय नसते, तिथे प्रत्येक पॅकेट आपली मनमानी फेज घेऊन येतं.

१८ फेब्रुवारी

रिकाम्या मैदानाचा नकाशा, म्हणजे अंतर आणि डॉप्लरच्या प्रत्येक खणात सिग्नल किती ते दाखवणारं चित्र. कोणी नाही, वारा नाही. शून्य डॉप्लरवर एक उभी तेजस्वी रेघ असायला हवी आणि बाकी सगळा काळोख. रेघ आहे. काळोख नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंना ५० हर्ट्झपर्यंत फिकट पट्टा पसरलेला दिसतो, आणि प्रत्येक सेकंदाला त्याची नक्षी वेगळी.

कारण पॅकेटांच्या वेळांमध्ये सापडलं. आम्ही मागितलं होतं दर मिलिसेकंदाला एक. वेळांचा आलेख काढला तेव्हा दिसलं की बराच वेळ तसं होतंही, पण मध्येच दुसरं एखादं जाळं त्याच चॅनलवर बोलू लागलं की राउटर थांबतो, रांग साचते, आणि मग साचलेली पॅकेट एकामागोमाग एक सुटतात. वाय-फायचा स्वभावच तो आहे: आधी ऐका, मोकळं असेल तर बोला.

ठरलेला ताल न धरता घेतलेल्या नमुन्यांवर डॉप्लर काढला की प्रबळ सिग्नलची थोडी ऊर्जा इतर वारंवारतांवर सांडते. नमुने पूर्णपणे यादृच्छिक असते तर हजार पॅकेटांना हे सांडणं मुख्य रेघेच्या ३० डीबी खाली राहिलं असतं. माणूस ४० डीबी खाली आहे. टेहळणीचा अँटेना राउटरकडे पाठ करून लावल्यामुळे थेट सिग्नल १५ डीबीने उतरतो असं धरलं तर माणूस २५ वर येतो, म्हणजे जेमतेम डोकं वर. पण आमचे खंड यादृच्छिकही नाहीत. ते काही दहा मिलिसेकंदांच्या पट्टीवर गठ्ठ्याने येतात आणि म्हणून त्यांचं सांडणं गोळा होतं ते नेमकं काही दहा हर्ट्झवर. चालणारा माणूस दिसायचा तिथेच.

जितका वेळ नकाशाकडे बघतो तितकं पटतं की डॉप्लर काढल्यानंतर हे निस्तरणं हाताबाहेरचं आहे. थेट सिग्नल त्याच्या आधीच काढून टाकायला हवा.

२६ फेब्रुवारी

आजची तारीख या विषयात मोठी आहे. १९३५ साली याच दिवशी इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्रीजवळ रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी बीबीसीच्या लघुलहरी केंद्राचं प्रक्षेपण वापरून हेफर्ड जातीचं बॉम्बर विमान शोधून दाखवलं. तरंगलांबी ४९ मीटर. विमान सुमारे ८ मैलांपर्यंत दिसत राहिलं आणि त्या प्रयोगावर ब्रिटनचा रडार कार्यक्रम उभा राहिला. म्हणजे रडारच्या मुळाशी असलेला तो प्रयोग दुसऱ्या कामासाठी सोडलेल्या रेडिओ सिग्नलवरच झाला होता. मला त्यातला सगळ्यात भावणारा भाग म्हणजे विल्किन्सची मांडणी: दोन अँटेना लावले आणि केंद्रावरून थेट येणारा सिग्नल त्या दोघांमध्ये एकमेकांना खोडेल अशी फेज जुळवली. जे उरलं ते विमानाचं. संगणक नाही, एडीसी नाही, आणि पहिली पायरी तीच जी आज आम्ही कोडमध्ये लिहितोय.

आमची पद्धत सबकॅरिअरनिहाय आहे. एका सबकॅरिअरची सेकंदभराची टेहळणीची मूल्यं एका ओळीत घ्यायची, त्याच सबकॅरिअरची रेफरन्सची मूल्यं शेजारी ठेवायची, आणि पहिल्या ओळीत दुसरीचा जेवढा वाटा आहे तेवढा वजा करायचा. जे काही सेकंदभर हललं नाही, म्हणजे थेट सिग्नल, भिंती, खांब, कुंपण, ते सगळं एका गुणकात मावतं आणि एका वजाबाकीत जातं. ५२ सबकॅरिअर, ५२ गुणक. मोठमोठे मॅट्रिक्स उलटवण्याची गरज नाही, लॅपटॉपवर चालतं. पॅकेट केव्हा आली याच्याशी या वजाबाकीला काही देणंघेणं नाही, आणि तेच हवं होतं. सांडण्यासारखं काही उरलंच नाही तर वेळा कितीही वेड्यावाकड्या असोत.

आठवड्याभरापूर्वीच्या त्याच रिकाम्या नोंदीवर चालवलं. पट्टा गेला. शून्यावर एक बारीक काळी फट आणि बाकी सपाट, फिकट नॉइज. हार्डवेअर बघणारी सहकारी शेजारीच होती, तिने बारीक सिग्नलही दिसावा म्हणून रंगांची पट्टी खाली आणा असं सांगितलं. आणली, तरी सपाटच. मग तिला तशीच मैदानावर चालायला पाठवली. नकाशावर उणे बाजूला एक ठिपका उगवला आणि ती वळून परत येऊ लागली तसा अधिक बाजूला गेला. खिडकीतून ती दिसत होती आणि स्क्रीनवरही. असा दिवस क्वचित येतो.

फटीची किंमत नोंदवून ठेवतो. सेकंदभराच्या खिडकीत, म्हणजे एका वेळी गणितात घेतलेल्या नोंदीच्या तुकड्यात, १ हर्ट्झच्या आतलं सगळं पुसलं जातं, म्हणजे ३ सेंटिमीटर प्रतिसेकंदाहून हळू सरकणारं काहीही. माणूस उभा राहिला की नाहीसा होतो. श्वासाची हालचाल पकडायची तर खिडकी बरीच लांब हवी.

५ मार्च

ठरवून चाललेल्या वाटा. राउटर आणि रिसीव्हर यांच्याशी होणाऱ्या कोनाच्या दुभाजकावरून, मेट्रोनोम लावून १.२ मीटर प्रतिसेकंदाने. २० मीटरच्या टप्प्यावर तो कोन ४४ अंशांचा, त्यामुळे गणिताने यायला हवा ३८ हर्ट्झ. ठिपक्याचा गाभा तिथेच बसला, आजूबाजूला हातापायांचे झोके. पुढे टाकलेलं पाऊल धडाच्या दोन-तीन पट वेगाने जातं, त्यामुळे गाभ्याच्या पुढे दर पावलागणिक एक टोक उसळतं आणि विरतं. पावलांचा ताल नुसत्या डोळ्यांनी मोजता येतो.

दुसरी वाट मुद्दाम अवघड. राउटर आणि रिसीव्हर हे दोन केंद्रबिंदू धरून जो लंबवर्तुळ होतो, त्याच्यावर दोरी अंथरली आणि तिच्यावरून चाललो. एकूण वाटेची लांबी बदलत नाही, म्हणून डॉप्लर जवळजवळ शून्य, आणि धड त्या काळ्या फटीत जाऊन बसतं. पायांची टोकं तेवढी दिसतात. तिसरी वाट राउटर-रिसीव्हरची सरळ रेषा छेदून जाणारी: रेषेजवळ येता येता डॉप्लर शून्याकडे घसरतो, अंतराची बारकाईही ढासळते, आणि पलीकडे गेल्यावर चिन्ह बदलून परत उगवतो. एकाच राउटर-रिसीव्हरच्या जोडीला हे आंधळे भाग असणारच. दुसऱ्या ठिकाणी दुसरा रिसीव्हर ठेवला तर त्याचे आंधळे भाग वेगळे असतील.

११ मार्च

माणूस डोळ्यांना दिसतो, आता प्रोग्रामला दिसायला हवा. ठरावीक थ्रेशोल्ड चालत नाही कारण नॉइजची पातळी हलत राहते. सीएफएआर, म्हणजे खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण स्थिर ठेवणारी पद्धत, लावलं: प्रत्येक खण त्याच्या शेजारच्या ३२ खणांच्या सरासरीशी ताडायचा. खोट्या इशाऱ्याची शक्यता दहा हजारांत एक धरली तर गुणक येतो १०.७, म्हणजे १०.३ डीबी. नकाशात आमच्या कामाचे खण साधारण दीड हजार. म्हणजे सेकंदाला ०.१५ खोटे इशारे, सहा-सात सेकंदांनी एक. एकट्या इशाऱ्यावर विश्वास न ठेवता सलग पाचपैकी तीन नकाशांत जवळच्या खणांत आला तरच लक्ष्य मानायचं असं ठरवलं.

त्यात माणूसच माणसाला झाकतो. हातापायांची पसरलेली ऊर्जा शेजारच्या खणांत जाते, सरासरी चढते, आणि मधला गाभा थ्रेशोल्डच्या खाली राहतो. दोन्ही बाजूंना दहा-दहा खण सोडून दिले आणि सरासरीऐवजी क्रमवार लावलेल्या मूल्यांतलं वरच्या बाजूचं एक मूल्य घेतलं. जरा महाग पडतं, पण टिकाऊ आहे.

१४ मार्च

खोलीच्या आत एक छोटी नोंद. पंखा चालू असताना नकाशावर समान अंतरावर रेघांची शिडी उमटते, पंखा बंद केला की जाते. वेग वाढवला की पायऱ्या लांब होतात. आतल्या चाचणीत आधी पंखे बंद.

२० मार्च

हे काम दुसऱ्यांना दाखवायला लागल्यापासून पहिला प्रश्न एकच येतो: मग शेजारच्या घरात कोण फिरतंय ते कळेल का? प्रश्न योग्य आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. आम्ही पॅकेटांचे बिट वाचतो, पण आतला मजकूर कूटबद्ध असतो आणि तो उघडायची गरजही नसते. कूटबद्ध बिट रेफरन्स बांधायला तितकेच चालतात. त्यामुळे संदेश सुरक्षित राहतो. माणूस सुरक्षित राहतोच असं नाही. त्याने काही पाठवलेलं नसतं, काही जोडलेलं नसतं, तरी त्याची हालचाल मोजली जाते, आणि ५ गिगाहर्ट्झ साध्या आतल्या भिंतीतून बऱ्यापैकी जातं.

मॅडमशी बोलून तीन गोष्टी पक्क्या केल्या. चाचणीत चालणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती. कच्च्या नोंदी विश्लेषण झाल्यावर पुसायच्या, ठेवायचे ते फक्त अंतर-डॉप्लर नकाशे. आणि चालण्याच्या तालावरून व्यक्ती ओळखण्याचा प्रयोग या प्रकल्पात करायचा नाही, जरी नकाशे त्यासाठी पुरेसे चांगले दिसत असले तरी.

२५ मार्च

पुढच्या टप्प्याची कामं. पहिलं, राउटरला बांधलेले दोर एकेक करून सोडणं: आधी मॉड्युलेशनचा दर मोकळा, मग दुसरा अँटेना. दोन प्रवाह आले की रेफरन्सचे दोन अँटेना लागतील, आणि बोर्डावर दोनच रिसीव्हर आहेत, त्यामुळे एकमेकांशी घड्याळ जुळवलेले दोन बोर्ड मागवले आहेत. दुसरा बोर्ड आला की त्याच्या शिल्लक चॅनलवर दुसऱ्या दिशेचा टेहळणी अँटेनाही लागेल.

दुसरं, अंतर. १६० मेगाहर्ट्झची वाय-फाय चॅनल घेतली तर साध्या रडारच्या हिशोबाने मीटरच्या आत येता येतं. ५जीच्या १०० मेगाहर्ट्झला दीड मीटर. ५जीचा मोह आहे, पण तिथे एक अडचण आधीच दिसते. ४जीमध्ये रेफरन्स चिन्हं कायम हवेत असतात. ५जीमध्ये, ऊर्जा वाचावी म्हणून, वापरकर्ता नसेल तेव्हा स्टेशन जवळजवळ गप्प असतं आणि समकालनाचा गठ्ठा सहसा दर २० मिलिसेकंदांनी येतो. त्या तालावर डॉप्लर अधिक-उणे २५ हर्ट्झपर्यंतच स्पष्ट राहतो. ३.५ गिगाहर्ट्झला म्हणजे जेमतेम मीटरभर प्रतिसेकंद. माणूस सावकाश चालला तर बसेल, घाईत असेल तर नकाशाच्या दुसऱ्या टोकाकडून उगवेल. हे आधी सिम्युलेशनमध्ये बघायचं, बोर्ड येईपर्यंत वेळ आहे.

तिसरं, वारा. मैदानाच्या कडेच्या झाडांची पानं हलली की शून्याच्या दोन्ही बाजूंना काही हर्ट्झचा पट्टा येतो, आणि सेकंदभराच्या स्थिर गुणकाने तो जात नाही. खिडकीचे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला वेगळा गुणक द्यायचा विचार आहे. फट रुंद होईल, पण पानं तिच्यात जातील. किती तुकडे, ते पुढच्या वाऱ्याच्या दिवशी नोंद घेऊन ठरवायचं.